एक इंचही न हललेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मेट्रो गाडी आहे. खरे सांगायचे तर पाव गाडीसुद्धा नाही. गाडीचे नुसते पुढचे डोके, जिथे चालक बसतो ती केबिन, एवढीच मी. मला चाके नाहीत. जन्मापासून आजपर्यंत मी स्वतःहून एक इंचही पुढे सरकलेले नाही. तरीही दिल्लीच्या पोटातून आणि डोक्यावरून रोज ज्या गाड्या धावतात, त्यांतल्या कितीतरी गाड्या माझ्या लेकरांच्या हातात आहेत. हे मी गर्वाने सांगते. म्हातारीला एवढा गर्व माफ असावा.

मी शिकवणारी केबिन आहे. कागदोपत्री माझे नाव सिम्युलेटर. पण माझ्याकडे शिकायला येणारी मुले मला 'नानी' म्हणत. नानी म्हणजे आईची आई.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. अकरा लाकडी खोक्यांत भरून मला आधी जहाजाने, मग मालगाडीने आणि शेवटी ट्रकमधून यमुनेच्या पलीकडे, डेपोशेजारच्या प्रशिक्षण केंद्रात आणले. तेव्हा दिल्लीत मेट्रो नुकतीच सुरू झाली होती. लोक घरातून डबा बांधून नुसते मेट्रोत बसायला येत, असे ते दिवस. विलास नावाच्या तरुण तंत्रज्ञाने मला खोक्यांतून काढून जोडले. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलेला हा मराठी मुलगा स्क्रू पिळता पिळता माझ्याशी बोलायचा. "चल बाई, आता डोळे उघड," असे म्हणून त्याने पहिल्यांदा कळ दाबली आणि माझ्या काचेसमोरच्या मोठ्या पडद्यावर रूळ, बोगदा आणि फलाट उमटले.

ते बघून सगळे पोट धरून हसले. बाहेर मे महिन्याचे ऊन भाजत होते आणि माझ्या फलाटावरची चित्रातली माणसे ओव्हरकोट घालून उभी होती! कारखाना थंड देशातला, त्याला दिल्लीचे ऊन काय ठाऊक? त्यांत एक तपकिरी कोटवाला गृहस्थ नेहमी चौथ्या दाराशी उभा असे, तोंड पाडून. त्याला मुलांनी 'फूफाजी' नाव दिले. फूफाजी म्हणजे आत्याचे यजमान. उत्तरेकडच्या लग्नांत हे रुसून बसण्यासाठी प्रसिद्ध असतात.

माझे काम चमत्कारिक होते. मला दिवसभर खोटे खोटे बिघडावे लागे. काचेच्या खोलीत बसून विलास कळ दाबी आणि मी धडधाकट असून आजारी पडे. कधी माझे ब्रेक अडकत, कधी वीज जाई, कधी बोगद्यात धूर दिसे. शाळा बुडवायला तुम्ही पोट दुखते म्हणता, तसे नव्हे हं. माझ्या आजारातून मुले शिकत. माझ्या वेगाच्या दांड्यावर हात सतत दाबून धरावा लागतो. हात सुटला की गाडी समजते, चालकाला काहीतरी झाले, आणि आपोआप थांबते. सिग्नल दिसला की बोट दाखवून मोठ्याने बोलावे लागते. एकटे असले तरी बोलायचे. मनातल्या मनात म्हटलेले विसरते, तोंडाने म्हटलेले विसरत नाही.

शिकवायला भालचंद्र सर होते. भुसावळचे. सत्तावीस वर्षे रेल्वेची इंजिने चालवून ते इकडे आले होते. मुलांशी हिंदीत बोलत, रागावले की मराठीत, आणि फार रागावले की गप्प बसत. त्या गप्प बसण्याला सगळे भीत.

मेट्रोला आठ-नऊ वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या तुकडीत चोवीस मुले आली. त्यांत मुली तिघी आणि त्यांतली एक उल्का.

उल्का दिल्ली छावणीत राहायची. तिचे वडील मल्हारी सुभेदार होते, सातारा जिल्ह्यातले. पलटणीच्या मोठ्या गाड्या त्यांनी पहाडांत बावीस वर्षे चालवल्या होत्या. आई कृष्णाबाई. उल्काने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, परीक्षा दिली आणि ती निवडली गेली. सुभेदारांनी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत पेढे वाटून सांगितले होते, "आमची पोरगी रेल चालवणार."

आणि काय पोरगी होती! साडेनऊची वेळ असली की नऊला हजर. बुटात तोंड दिसावे असे पॉलिश. नियमांचे जाड पुस्तक तिला पानाच्या आकड्यासकट पाठ. माझ्या दांड्यावर तिचा हात पडला की मला बरे वाटे. घट्ट, पण दुखवणारा नाही. पहिल्याच महिन्यात ती फलाटावर गाडी अशी थांबवू लागली की दार आणि खूण यांत वीतभराचाही फरक राहत नसे. भालचंद्र सर काही बोलत नसत, पण वहीत तिच्या नावापुढे लिहिताना त्यांचा हात सैल होई.

फक्त एक गोष्ट तिला जमेना. आणि तीच सगळ्यांत मोठी होती.

नीट ऐका. माझ्यासमोर एक हिरवा दिवा आहे. गाडीची सगळी दारे नीट बंद झाली की तो लागतो. तो लागला नाही तर गाडी जागची हलत नाही. पण दिवाच खराब झाला असेल तर? म्हणून एका लाल झाकणाखाली एक कळ ठेवलेली असते. ती फिरवली की गाडी दिव्याकडे लक्ष न देता सुटते. नियम असा, की आधी खाली उतरायचे, दारापर्यंत चालत जायचे, स्वतःच्या डोळ्यांनी ते बंद आहे हे बघायचे, आणि मगच लाल झाकणाला हात लावायचा. माझ्यामागे वीस पावलांवर, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, यासाठीच, चौथे दार म्हणून, एक खरे दार चौकटीसकट उभे केले होते.

हा नियम उल्काला पाठ होता. लेखी परीक्षेत तिने तो मुद्द्यांसकट लिहिला होता. पण पहिल्या चाचणीत काय झाले? फलाटावर दारे बंद झाली, हिरवा दिवा लागला नाही. उल्का उठणार एवढ्यात काचेच्या खोलीतून भालचंद्र सर कंट्रोलचे, म्हणजे गाड्यांना हुकूम देणाऱ्या कचेरीचे, अधिकारी होऊन रेडिओवर कडाडले, "लाल ढक्कन खोलो! गाड़ी चलाओ! अभी!"

"यस सर!" म्हणत उल्का ताठ बसली. पाठोपाठ झाकण उघडले, कळ फिरली, दांडा पुढे गेला. हे सगळे तिचे डोके जागे होण्याआधी तिच्या हातांनीच केले.

चूक दाखवायला पडद्यावर मागचे दृश्य आले. चौथ्या दारात तपकिरी कोटाचे टोक अडकलेले दिसले. फूफाजी चार पावले गाडीबरोबर धावले आणि मग दिसेनासे झाले. माझ्यावर लाल अक्षरे उमटली : प्रवासी जखमी, एक.

चित्रातला माणूस तो! पण उल्काचे ओठ पांढरे पडले. "सॉरी," ती पुटपुटली. सरांना नव्हे, पडद्याला.

तीन आठवड्यांनी दुसरी चाचणी झाली. या वेळी ती मनाशी घोकत आली होती, उतरायचे, बघायचे, मग कळ. पण तो हुकमी आवाज कानात पडला मात्र, पाठ ताठ, "यस सर," झाकण उघडे. लाल अक्षरे पुन्हा तीच.

बाहेर तिच्या तुकडीतला सुमेर उभा होता. हरियाणातल्या झज्जरकडचा जाट, जो सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा वाद घातल्याशिवाय मानत नसे. तो या चाचणीत पहिल्याच फटक्यात पास झाला होता, कारण कोणी काहीही सांगितले की त्याच्या तोंडून आधी "क्यूँ?" निघे.

"तन्नै कोई बोल दे, यमुना में कूद जा," तो म्हणाला, "तो तू बस इतना पूछेगी, कितने बजे, सर?"

सगळे हसले. उल्काही हसली आणि मग माझ्या मागच्या पायरीवर बसून रडली. कारण संधी तीनच असत. तिसऱ्यांदा चुकले की गाडी कायमची गेली. मग स्टेशनच्या खिडकीवर बसून टोकन द्यायचे. काम तेही चांगलेच. पण लाइनीतल्या तीस घरांनी पेढे खाल्ले होते, आणि तिला चालवायची होती गाडी.

दुपारी भालचंद्र सर डबा घेऊन तिथेच आले. दोघेच असले की ते मराठीत बोलत.

"पोळी खा. रिकाम्या पोटी रडू नये, डोकं दुखतं."

"सर, मला माहीत असतं. सगळं माहीत असतं. पण आवाज आला की..."

"हात उठतो."

"हो. आमच्या घरी असंच आहे, सर. आबांनी 'ऊठ' म्हटलं की उठायचं. का म्हणून कोणी विचारत नाही. भाऊ नाही, आई नाही. हुकूम म्हणजे हुकूम."

सरांनी पोळीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "हे बघ उल्का, सांगितलेलं ऐकणं ही वाईट सवय नाही. सुमेरला मी रोज तीच शिकवतोय. पण कंट्रोलचा साहेब दहा मैलांवर खुर्चीत बसलेला असतो गं. त्याला तुझं चौथं दार दिसत नाही. गाडीत डोळे फक्त तुझे."

"मग त्यांना नाही म्हणू? तोंडावर?"

"म्हणावं लागेल."

"ते मला जमणार नाही, सर," उल्का म्हणाली. तिने हे इतक्या खरेपणाने सांगितले की सरांनी डब्याचे झाकण लावून टाकले.

तिसऱ्या चाचणीच्या आधीचा शनिवार घरच्या मंडळींना केंद्र दाखवण्याचा होता. उल्काने घरी नापास झाल्याचे अक्षर काढले नव्हते. सुभेदार मल्हारी आणि कृष्णाबाई कडक इस्त्रीच्या कपड्यांत आले. कृष्णाबाईंनी मला बाहेरूनच नमस्कार केला. सुभेदार मात्र आत शिरले आणि त्यांनी माझ्यावरून जाणत्या माणसासारखा हात फिरवला. गाडीवाल्याचा हात मला लगेच कळतो.

"बसा ना, सुभेदारसाहेब," भालचंद्र सर म्हणाले. "एक फेरी मारा."

उल्काने त्यांना दांडा दाखवला, हिरवा दिवा आणि लाल झाकण समजावून दिले. सुभेदारांनी हळूहळू एक स्टेशन पार केले, चेहरा लहान मुलासारखा. दुसऱ्या फलाटावर दारे बंद झाली आणि दिवा लागला नाही. काचेच्या खोलीत जाऊन सरांनी विलासला खूण केलीच होती. रेडिओवर सर गरजले, "सुभेदार! दिवा राहू द्या. लाल झाकण उघडा. गाडी हाका!"

आबा आता काय करणार, हे उल्काला पक्के ठाऊक होते. हुकूम म्हणजे हुकूम.

सुभेदारांनी दांड्यावरचा हात काढला. ते उठून उभे राहिले, माझ्या छताला डोके लागेल एवढे ताठ. "हुकूम मिळाला, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "दिवा लागलेला नाही. बघून येतो."

आणि चालू लागले, सरळ मागच्या दाराकडे.

उल्का त्यांच्यामागे धावली. "आबा! तुम्ही साहेबांना नाही म्हणालात?"

"नाही कुठं म्हणालो? बघून येतो म्हणालो."

"पण ते चल म्हणाले होते!"

"मग जाणारच की. बघून जाणार." सुभेदारांना यात काय विशेष ते कळेना. "सिक्कीमकडं एकदा लाकडी पूल आला. माझ्या मागं सतरा गाड्या. मेजरसाहेब म्हणाले, चल. मी म्हटलं, हुकूम मिळाला साहेब, बघून येतो. असे ओरडले, असे ओरडले की झाडावरची पाखरं उडाली. ओरडू दिलं. त्यांच्या घशाचं काम ते करतात, माझ्या पायांचं मी. गेलो, बघितलं. तिसरी फळी कुजलेली."

"मग साहेब काय म्हणाले?"

"चहा पाजला. पण तो थंडी होती म्हणून. चुकलो असं साहेब कधी म्हणतात होय?"

उल्का तिथेच, त्या खऱ्या दाराशी, खाली बसली. "आबा, मी दोनदा नापास झालेय. याच गोष्टीत. मला वाटायचं, तुम्ही कधी... हे तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"आपल्या घरात विचारायची पद्धत कुठं आहे?"

सुभेदारांनी मिशीवरून दोनदा बोट फिरवले. मग तिच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले, इस्त्री मोडली तरी. "ते माझं चुकलं," ते म्हणाले. "हुकूम ऐकायला शिकवलं. कसा ऐकायचा ते शिकवायचं राहिलं. हे बघ पोरी, आधी सांगायचं, हुकूम मिळाला. म्हणजे साहेबाचा मान राहिला. मग जे दिसतंय ते सांगायचं. मग बघून यायचं. यात 'नाही' कुठंच येत नाही."

कृष्णाबाई मागून आल्या. "दोघं खाली काय बसलात? गाडी बिघडली का?"

"गाडी ठीक आहे," सुभेदार म्हणाले. "बाप दुरुस्त करतोय."

मित्रांनो, सोमवारपासून उल्का इतकी बघायला जाऊ लागली की विचारू नका. दिवा लागला तरी ती उठे, न लागला तरी उठे. दर फलाटावर वीस पावले जायची आणि वीस यायची. सुमेर म्हणाला, "मैडम, गाड़ी रहने दो, आप पैदल ही पहुँच जाओगी." भालचंद्र सरांनीही डोक्याला हात लावला. पण दोन दिवसांत तिची चाल सावरली. दिवा लागला की विश्वास ठेवायचा, नाही लागला की उठायचे. त्यासाठी चाचणीत पाच मिनिटे मिळत. त्याहून जास्त गाडी रखडली, तर तेही नापासच.

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी सर परीक्षक नव्हते. मुख्य कार्यालयातून प्रभा मॅडम आल्या होत्या. काळी पर्स काखेत, चष्मा नाकावर, आवाज कात्रीसारखा. सगळे बाहेर पडल्यावर त्या एकट्या मागच्या दाराशी काही वेळ वाकून उभ्या राहिल्या आणि मग काचेच्या खोलीत जाऊन बसल्या.

उल्का आली. आज तिचा हात गार होता. पहिले स्टेशन छान पार पडले. दुसऱ्यावर धुके होते, जानेवारीत दिल्लीत असते तसे. तिने वेग कमी केला, बोट दाखवून सिग्नल मोठ्याने म्हटला. तिसऱ्या फलाटावर दारे बंद झाली.

दिवा लागला नाही.

"कंट्रोल से गाड़ी सात!" कात्री चालू झाली. "बत्ती ख़राब है. लाल ढक्कन खोलो और चलो. पीछे तीन गाड़ियाँ खड़ी हैं!"

उल्काची पाठ ताठ झाली. मला धडकीच भरली. तिचा हात दांड्यावरून उठला आणि लाल झाकणाकडे निघाला. तो हात मी चांगला ओळखत होते. अर्ध्या वाटेवर तो थांबला. मग तो हात वळला आणि त्याने रेडिओ उचलला.

"गाड़ी सात से कंट्रोल. हुक्म मिला. लाल ढक्कन खोलकर चलना है." तिने दिव्याकडे बोट दाखवले. "हरी बत्ती नहीं जली है. मैं देखकर आती हूँ."

"देखने का टाइम नहीं है! चलो!"

"देखकर आती हूँ, मैडम."

तिने प्रवाशांसाठीचा माइक उचलून सांगितले, की गाडी थोडा वेळ थांबेल, दार तपासत आहोत. गाडीची किल्ली काढून खिशात घातली. आणि माझी खुर्ची रिकामी झाली.

त्यानंतरचे जे झाले ते फक्त मी ऐकले. रिकाम्या खुर्चीवर प्रभा मॅडम ओरडत होत्या. "गाड़ी सात! जवाब दो! किसकी इजाज़त से उठी हो? नौकरी करनी है कि नहीं?" मला बोलता येत नाही, नाहीतर मी म्हटले असते, पोरगी कामाला गेली आहे बाई, जरा दम धरा. माझे घड्याळ पळत होते. एक मिनिट. दोन मिनिटे. मागून दार ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. अडीच. मग पळत येणारे बूट.

उल्का खुर्चीत बसली. तिच्या खांद्याला प्रभा मॅडमची काळी पर्स लटकत होती! मॅडमनी स्वतःच्या पर्सचा पट्टा दाराच्या अगदी खालच्या फटीत अडकवून ठेवला होता. वाकल्याशिवाय दिसूच नये असा.

काचेच्या खोलीत विलासने कळ सोडली आणि माझा हिरवा दिवा लागला. आयुष्यात हजारो वेळा लागला असेल, पण इतका आनंदाने कधी लागला नाही.

"गाड़ी सात से कंट्रोल. चौथे दरवाज़े में यात्री का सामान अटका था. निकाल दिया. बत्ती हरी है. लाल ढक्कन की ज़रूरत नहीं पड़ी. गाड़ी चल रही है."

तीन मिनिटे चाळीस सेकंद. दांडा पुढे गेला. फलाटावर तोंड पाडलेले फूफाजी जसेच्या तसे उभे होते. मी त्यांना इतक्या प्रेमाने पूर्वी कधी मागे टाकले नव्हते.

चाचणी संपली. प्रभा मॅडम काचेच्या खोलीतून आल्या, उल्कासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. उल्काला वाटले, अभिनंदन करतील.

"मेरा पर्स," मॅडम म्हणाल्या.

पर्स घेऊन त्यांनी चष्मा पुसला. "मैं और चिल्लाती तो?"

"तो भी देखकर ही आती, मैडम."

"हम्म. पास." दोन पावले गेल्यावर त्या वळल्या. "बहुत अच्छे से पास."

दाराबाहेर सुमेरने अशी आरोळी ठोकली की छतावरची कबुतरे उडाली. भालचंद्र सर गप्प होते. पण हे गप्प बसणे वेगळे होते. ते सारखे नाक शिंकरत होते.

पुढे खऱ्या गाडीवर कित्येक आठवडे अनुभवी चालकाशेजारी बसून उल्का शिकली. मग एके दिवशी सकाळी तिने एकटीने पहिली गाडी नेली. तो दिवस मी पाहिलेला नाही, पण दुसऱ्याच दिवशी ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि माझ्या पायरीवर बसून तिने सरांना सगळे सांगितले. गाडी बोगद्यातून वर उन्हात आली, तेव्हा तिला एकटीलाच मोठ्याने हसू आले म्हणे. पहिल्या डब्यात आई-आबा होते. आबा रिकामी जागा असूनही शेवटपर्यंत उभे राहिले.

"उतरल्यावर म्हणाले, वेळेवर आणलीस का? म्हटलं, अर्धं मिनिट आधी. तर म्हणतात, मग ठीक आहे. एवढंच! पण सर, घरी जाऊन तीसच्या तीस घरी परत पेढे वाटले."

"आणि आई?"

"आईनं विचारलं, गाडी तर आपोआप चालते, आपोआप थांबते. मग आत बसून तू करतेस काय?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, बघते, आई."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. उल्काने एक पेढा माझ्या दांड्याशेजारी ठेवला. "अगं, मुंग्या लागतील!" सर ओरडले. मुंग्या लागल्याच. विलास दोन दिवस मला पुसत होता आणि पुटपुटत होता. मला त्या मुंग्यांचेसुद्धा कौतुक वाटले.

अशी वर्षे गेली. शेकडो मुले माझ्या खुर्चीवरून उठून खऱ्या गाडीत गेली. मग नवे यंत्र आले. त्याचा पडदा तीन बाजूंनी, त्यातली माणसे सुती कुर्त्यांतली. माझी वीज तोडली गेली. काही काळ माझ्यावर खुर्च्या रचल्या, जुनी पोती टाकली. तेव्हा वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण ज्या दिवशी माझा भंगाराचा कागद निघाला, त्या दिवशी विलास, आता केस पांढरे झालेला विलास, साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. म्हणून आज मी केंद्राच्या दर्शनी दालनात आहे. शाळांच्या सहली येतात. तुमच्यासारखी मुले माझे दांडे ओढतात, लाल झाकण उघडतात. ओढा खुशाल. फक्त चघळलेले च्युइंगगम खुर्चीखाली चिकटवू नका, एवढी विनंती आहे. आणि घरातल्या जुन्या यंत्राला भंगार म्हणण्याआधी, त्याने कोणाकोणाला उभे केले ते जरा विचारा.

आणखी एक मागणे आहे. दार बंद होताना धावत येऊन त्यात दप्तर घालू नका. ती गंमत नव्हे. मागची गाडी चार मिनिटांत येते. गेलेला माणूस तसा परत येत नाही. आणि कधी तुमची गाडी फलाटावर जरा जास्तच थांबली, मोठी माणसे घड्याळ बघून चरफडू लागली, तर तुम्ही कपाळाला आठ्या घालू नका. शेजारच्याला हळूच सांगा, पुढच्या खुर्चीतून उठून कोणीतरी तुमच्यासाठी बघायला निघाले आहे.